जिम्नॅस्टिक्सवरील प्रेमपट आणि प्रेक्षकांची मतभिन्नता

जिम्नॅस्ट नायक-नायिका, त्यांचे जुळणारे किंवा मोडणारे प्रेम आणि डोक्यावर आलेली मोठी स्पर्धा, अशा कथानकाचे चित्रपट व मालिका म्हणजे जिम्नॅस्टिक्सवरील प्रेमपट. त्यांच्याबद्दल प्रेक्षकांचे एकमत क्वचित होते. प्रेमकथेसाठी बसलेल्याला सरावाचे प्रसंग लांबलेले वाटतात. खेळ कळणारा प्रेक्षक प्रेमकथेतला भाबडेपणा चालवून घेतो, पण खोटी उडी त्याला खपत नाही. हा रुचीचा भेद खरा आहेच. तरी बहुतेक वादाच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : पडद्यावरच्या शरीरावर विश्वास बसतो की नाही?

बडोद्यातील मराठी प्रेक्षकांत हा प्रश्न जरा जास्तच धारदार होतो. सयाजीराव गायकवाडांच्या काळापासून इथे तालमींना आणि व्यायामशाळांना मान आहे. दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि ते नावारूपाला आणणारे राजरत्न प्रो. माणिकराव यांची परंपरा मराठी घरांत आजही सांगितली जाते. द. चिं. मुजुमदार यांनी संपादित केलेला दहा खंडांचा मराठी व्यायामज्ञानकोशही याच शहरात तयार झाला. ज्याने लहानपणी मल्लखांबावर अढी घातली, किंवा घातलेली रोज पाहिली, तो पडद्यावरच्या जिम्नॅस्टचा चेहरा नंतर पाहतो. त्याची नजर आधी तळहातांवर, खांद्यांवर आणि पायांच्या चवड्यांवर जाते.

तळहातांवर नजर जाते, कारण तिथली लबाडी पटकन उघडी पडते. असमांतर बारवर किंवा उंच बारवर रोज सराव करणाऱ्याच्या तळव्याला बोटांच्या मुळाशी घट्टे पडतात आणि अधूनमधून कातडीचा तुकडाच निघून येतो. घाम शोषून पकड टिकावी म्हणून मॅग्नेशियम कार्बोनेटची पांढरी पूड चोळतात. बारवर हाताला चामडी ग्रिप आणि मनगटाला पट्टी असते. मल्लखांबाची गरज वेगळी. तिथे लाकडाला एरंडेल लावतात, कारण मांड्या, काखा आणि पोटऱ्या खांबावर घासतात आणि कोरड्या खांबावर कातडी सोलवटते. म्हणून नायिका मऊसूत, स्वच्छ हातांनी बारवरून उतरली, किंवा नायकाने पूड नुसती हवेत उधळली, की तालमीतला प्रेक्षक तिथेच तुटतो. पुढचा प्रेमप्रसंग कितीही जमलेला असला तरी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही.

दुसरी मोठी तक्रार डबलबद्दल असते. अवघड हालचाली अभिनेत्रीऐवजी प्रशिक्षित जिम्नॅस्ट करते, आणि त्यात गैर काहीच नाही; बॅक साल्टो (हवेत मागे घेतलेली पूर्ण कोलांटी) चार-सहा महिन्यांत पडद्यावर शोभेल इतका सफाईदार होत नाही. गडबड जोडकामात होते. अव्वल जिम्नॅस्ट बहुधा बुटक्या असतात, अमेरिकेची अव्वल जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स हिची उंची सुमारे 142 सेंटिमीटर आहे. उंच, सडपातळ अभिनेत्री धावत येते, कट होतो आणि हवेत रुंद खांद्यांची, भरलेल्या पोटऱ्यांची दुसरीच मुलगी दिसते. नेहमीची पद्धत अशी : धावेचा शॉट अभिनेत्रीचा, उड्डाण डबलचे पाठमोरे किंवा दुरून, आणि उतरणे पुन्हा अभिनेत्रीचे. शेवटच्या तुकड्यासाठी तिला ठोकळ्यावरून गादीवर उडी मारायला लावतात, आणि तिथेच बिंग फुटते. खऱ्या साल्टोतून उतरताना अंगात फिरण्याचा वेग शिल्लक असतो; तो मारण्यासाठी गुडघे वाकतात, छाती किंचित पुढे येते, हात सावरतात आणि गादी खोल दबते. ठोकळ्यावरून उतरलेली अभिनेत्री सरळ खांबासारखी उभी राहते आणि गादी जेमतेम हलते.

केबलने उचललेली उडी ओळखायची खूण वेळेत आहे. साधारण 1.2 मीटर उंच उडीला वर जाऊन खाली यायला मिळून सुमारे 1 सेकंद लागतो. त्यात शेवटच्या अर्ध्या सेकंदाला खाली येण्याचा वेग वाढत जातो. केबलवरचे शरीर माथ्यावर रेंगाळते आणि एकसारख्या गतीने खाली येते. स्लो मोशनमध्ये हे झाकले जाते, म्हणूनच या प्रकारात त्याचा इतका मारा असतो. कॅमेरा मागे ठेवून एखादी हालचाल अखंड दाखवणारा दिग्दर्शक दोन्ही गटांना बांधून ठेवतो. मग ती हालचाल साधी का असेना : बीमवर (तोल सांभाळायच्या अरुंद पट्टीवर) एक नीट वळण, जमिनीवर एक स्वच्छ कार्टव्हील. बीमची रुंदी फक्त 10 सेंटिमीटर, लांबी 5 मीटर आणि जमिनीपासून उंची 1.25 मीटर असते. त्यावर अभिनेत्री स्वतः, कट न घेता, चार पावले चालली तरी थरार निर्माण होतो.

गुणांच्या बाबतीतही मतभेद होतात, पण इथे चूक लेखकाची असते. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीला पूर्ण 10 गुण मिळाले आणि फलकावर 1.00 उमटले, कारण त्यावर दहाची सोय नव्हती. हा प्रसंग इतका गाजला की आजच्या काळातल्या कथांतही शेवटी ‘दहापैकी दहा’ येतात. 2006 पासून ती पद्धत नाही. अवघडपणाचे गुण शून्यापासून वर मोजतात, सफाईचे 10 मधून कापत येतात आणि दोन्हींची बेरीज होते. उतरताना छोटे पाऊल सरकले तर 0.1, मोठे पाऊल 0.3, पडल्यास पूर्ण 1 गुण जातो. हे समजावायला एका संवादाची जागा पुरते. ते समजले तर अनभिज्ञ प्रेक्षकालाही शेवटचा प्रसंग कळतो, आणि अवघड पण धोक्याची उडी घ्यावी की सोपी, ही नायिकेची घालमेल खरी वाटते.

ती घालमेल भारतीय प्रेक्षकाने प्रत्यक्ष पाहिली आहे. 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये भारताच्या दीपा कर्माकरने व्हॉल्टच्या (धावत येऊन टेबलावर हात टेकून घ्यायच्या उडीच्या) अंतिम फेरीत प्रोदुनोव्हा ही, हवेत पुढे दोन कोलांट्या घेऊन उतरण्याची अतिशय अवघड उडी घेतली. उतरताना ती जवळजवळ गादीला टेकली, तरी पायांवर उठली. तिचे 15.066 गुण झाले, कांस्य 15.216 ला गेले. अवघ्या 0.150 चा फरक. त्या रात्रीनंतर कोणत्याही पटकथाकाराला वेगळा थरार बनवायची गरज उरलेली नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवायला हवी : धाव सुरू होण्यापासून उतरण्यापर्यंत व्हॉल्ट काही सेकंदांत आटपतो. तो चार मिनिटे ताणला की ज्यांनी खरी स्पर्धा पाहिली आहे ते चुळबुळ करू लागतात.

दुखापत आणि पुनरागमन हा या कथांचा हमखास टप्पा, आणि हमखास फसणारा. गुडघ्याच्या अस्थिबंधाची शस्त्रक्रिया झालेला खेळाडू साधारण नऊ महिने ते वर्षभर स्पर्धेबाहेर असतो. दीपा 2017 मध्ये जायबंदी झाली आणि 2018 च्या जुलैमध्ये तुर्कस्तानातील मर्सिन येथे विश्वचषक मालिकेत सुवर्ण घेऊन परतली. पडद्यावर हाच काळ एका गाण्यात उरकतो आणि बरे होण्याचे श्रेय प्रेमाला जाते. प्रेमकथेच्या चाहत्यांना ते गोड वाटते. फिजिओथेरपीचा कंटाळा, सूज मोजण्याची टेप, पहिल्यांदा पाय टेकवताना वाटणारी भीती, या गोष्टी दाखवल्या तर प्रेमालाही तिथेच जागा मिळते. आधार देणारा माणूस त्या कंटाळ्यातच कळतो.

प्रेमाच्या बाजूची खरी अडचण खेळाच्या रचनेत आहे. कलात्मक जिम्नॅस्टिक्समध्ये पुरुषांची सहा आणि स्त्रियांची चार उपकरणे बहुतांशी वेगळी असतात, गुण वेगळे मोजतात आणि प्रत्येक जण एकटाच उपकरणावर चढतो. आठवड्याला 30 तासांच्या आसपास सराव करणारे दोघे भेटणार कधी? म्हणून लेखक योगायोगांचा आधार घेतो आणि प्रेक्षक ‘ओढूनताणून जुळवले’ म्हणतात. ॲक्रोबॅटिक जिम्नॅस्टिक्समध्ये मिश्र जोडी हा अधिकृत प्रकार आहे. त्यात खालचा जोडीदार वरच्याला हातांवर तोलतो, फेकतो आणि झेलतो. तिथे विश्वास हाच खेळ असतो आणि प्रेमकथेला बाहेरून काही आणावे लागत नाही. या प्रकाराकडे लेखक फारसे वळत नाहीत, ही मोठीच उणीव म्हणावी लागेल.

वयाचा मुद्दा नाजूक आहे. आंतरराष्ट्रीय वरिष्ठ स्पर्धेसाठी मुलींना त्या वर्षी 16 पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे स्पर्धेतली नायिका अल्पवयीन असू शकते. विशीनंतर कारकीर्द संपते हा समज मात्र जुना झाला : 1975 मध्ये जन्मलेली जिम्नॅस्ट ओक्साना चुसोवितिना 1992 पासून टोकियोपर्यंत आठ ऑलिंपिक खेळली. तेव्हा नायिकेचे वय 22 किंवा 25 ठेवायला काहीच हरकत नाही. प्रशिक्षक आणि शिष्या यांच्यातील प्रेम दाखवणाऱ्या कथांवर होणारी टीका मात्र पूर्णपणे रास्त आहे. अमेरिकी संघाचा डॉक्टर लॅरी नासार याने अनेक वर्षे मुलींवर केलेले अत्याचार 2016 मध्ये उघड झाले आणि त्याला दीर्घ तुरुंगवास झाला. खेळाडूचे शरीर, आहार, निवड आणि भवितव्य ज्याच्या हातात असते, त्याच्याशी जुळलेले नाते बरोबरीचे राहत नाही. अशा कथेत अधिकाराची ही बाजू स्पष्टपणे यायला हवी, आणि ती नसेल तर उड्या कितीही अस्सल असल्या तरी पालक-प्रेक्षक तो पट मुलांना दाखवायला कचरतात.