ऑफस्टेडचं नवं रिपोर्ट कार्ड आणि ट्रेनिंगवाल्यांची धास्ती

इंग्लंडमध्ये शाळा-कॉलेजं आणि ट्रेनिंग संस्था तपासणाऱ्या ऑफस्टेड या सरकारी यंत्रणेची तपासणी नोव्हेंबर 2025 पासून नव्या पद्धतीने सुरू झालीय, म्हणजे 'आउटस्टँडिंग' नाहीतर 'गुड' असा अख्ख्या संस्थेवर एकच शिक्का मारणं बंद, आता रिपोर्ट कार्ड आणि प्रत्येक बाबीला पाच पातळ्यांवर वेगळी ग्रेड. शाळांचं काय होणार यावर भरपूर लिहून आलंय, पण अप्रेंटिसशिप (नोकरी करता करता शिकायचे कोर्स) चालवणारे ट्रेनिंग प्रोव्हायडर, म्हणजे प्रशिक्षण संस्था, का धास्तावलेत ते कळायला जरा मागे जावं लागतं.

ऑफस्टेड आलं 1992 च्या कायद्याने, आणि आलं ते शाळांसाठी. काम करता करता शिकणाऱ्यांची तपासणी त्यांच्याकडे नव्हतीच, त्यासाठी 2001 मध्ये अ‍ॅडल्ट लर्निंग इन्स्पेक्टोरेट ही वेगळी यंत्रणा उभी राहिली आणि 2007 मध्ये ती ऑफस्टेडमध्येच विलीन केली. माझ्या मते गोम इथेच आहे. तेव्हापासून मोठे बदल शाळांकडे बघून ठरतात आणि मागोमाग ट्रेनिंगवाल्यांच्या गळ्यात पडतात.

मग 2017 मध्ये अप्रेंटिसशिप लेव्ही, म्हणजे या ट्रेनिंगच्या खर्चासाठीचा कर, आली, वर्षाचं पगारबिल 30 लाख पाउंडांच्या वर असलेल्या कंपन्यांकडून 0.5 टक्के, आणि त्या पैशाबरोबर नवे प्रोव्हायडर भराभर आले, म्हणून 2018 पासून नव्यांकडे मॉनिटरिंग व्हिजिट, म्हणजे पूर्ण तपासणीआधीच्या छोट्या भेटी, सुरू झाल्या, आणि 2021 पासून डिग्रीच्या लेव्हलपर्यंतच्या सगळ्या अप्रेंटिसशिपची तपासणी ऑफस्टेडकडे गेली.

आत्ताचा बदलही शाळेतूनच आला. रीडिंग शहरातल्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी जानेवारी 2023 मध्ये आत्महत्या केली, त्यात तपासणीचाही वाटा होता असं मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे कोरोनरने, नोंदवलं. लोक प्रचंड हळहळले, चिडले, आणि सप्टेंबर 2024 मध्ये सरकारी शाळांचा एकशब्दी शेरा रद्द झाला. तो जायलाच हवा होता, यात मला तिळमात्र शंका नाही.

पण ट्रेनिंगवाल्यांचं दुखणं त्याने संपत नाही. तिथे ग्रेडवर पोट आहे, जुन्या पद्धतीत अप्रेंटिसशिपला 'इनअ‍ॅडिक्वेट' ही सगळ्यात खालची ग्रेड मिळाली की सहसा सरकारी रजिस्टरमधून नाव जायचं आणि नवे अप्रेंटिस घेणं बंद. आता अभ्यासक्रम आणि शिकवणं, यश, सहभाग, नेतृत्व, सर्वसमावेशकता अशा प्रत्येकाची ग्रेड वेगळी, आणि तरुणांचे कोर्स, प्रौढ शिक्षण, अप्रेंटिसशिप असं सगळंच चालवणाऱ्या मोठ्या संस्थेला तर डझनभर ग्रेड सहज होतात.

त्यातली 'यश' ही ग्रेड मला सगळ्यात अवघड वाटते. समजा केअर होममध्ये काम करत शिकणारी एखादी मुलगी चार पैसे जास्त मिळतात म्हणून मधेच सुपरमार्केटच्या नोकरीला गेली, तर प्रोव्हायडरच्या हिशेबात ती कोर्स पुरा न करणाऱ्यांत धरली जाते, शिकवणं कितीही चांगलं असो. शाळेतलं मूल असं पगारासाठी निघून जात नाही. हा फरक वर्गात बसून कळत नाही, त्यासाठी मालकाशी, सुपरवायझरशी बोलावं लागतं, त्या धंद्यातली माणसं किती टिकतात ते माहीत असावं लागतं, आणि तसे इन्स्पेक्टर प्रत्येक वेळी मिळतील का, हाच प्रोव्हायडरांचा खरा प्रश्न आहे.