न सुटणारा चौथा नट

गाडीच्या चाकाचे चारपैकी तीन नट दोन मिनिटांत सुटले. चौथा लॉक नट, म्हणजे चाक चोरीला जाऊ नये म्हणून लावलेला. त्याला साधा पाना चालत नाही. गाडीबरोबर आलेली अंगठ्याएवढी चावी आधी त्याच्या तोंडावरच्या नागमोडी खाचेत बसवायची, मग चावीच्या मागच्या षटकोनाला पाना लावायचा. तसं केलं आणि पान्यावर पाय देऊन उभा राहिलो. कट्ट आवाज आला. वाटलं, सुटला. चावी काढून पाहतो तर तिच्या कडेचा नखाएवढा तुकडा खाचेत अडकलेला, आणि नट जागच्या जागी.

जुलैतली रविवारची सकाळ, नेरूळमधल्या आमच्या सोसायटीचं आवार, वर भुरभुर पाऊस. अशा वेळी बघे जमायला वेळ लागत नाही. एक म्हणाले, रॉकेल मारा. दुसरे म्हणाले, गॅसच्या फ्लेमने तापवा. वॉचमन आतून चार फुटी पाइपच घेऊन आला, "पान्यावर चढवा आणि ओढा, काका." तिन्ही सल्ल्यांत विज्ञान आहे. माझ्या नटापुढे मात्र तिघांचंही काही चाललं नसतं.

नट बोल्टावर टिकून कसा राहतो, इथून सुरुवात करावी लागेल. आट्यांमुळे, असं आपण म्हणतो, पण ते अर्धंच खरं. नट आवळताना आपण खरं तर चाकाचा बोल्ट, म्हणजे स्टड, ताणत असतो. स्टड ही एक अतिशय ताठ स्प्रिंग आहे. बहुतेक छोट्या गाड्यांना १२ मिलिमीटर जाडीचे स्टड असतात, आणि नट साधारण ११० न्यूटन-मीटर टॉर्कने आवळायचा असतो. (शाळेच्या पुस्तकात ह्याला आघूर्ण म्हणायचे, पिळाचं बळ म्हटलं तरी चालेल.) नेहमीचं ढोबळ सूत्र लावलं तर तेवढ्या पिळाने स्टडमध्ये सुमारे साडेचार टनांचा ताण तयार होतो. एका हॅचबॅकच्या वजनाच्या चौपट, तोही एका स्टडमध्ये. त्या ताणाने स्टड लांब होतो तो किती? एक मिलिमीटरचे सहा शतांश, म्हणजे फार तर केसाच्या जाडीइतका. चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या फिरत्या भागाला, घट्ट चिकटून राहतं ते ह्या केसभर ताणाच्या जोरावर.

आता घर्षण. गियोम आमाँताँ ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६९९ साली मांडलेला नियम आजही इथे कामाला येतो: दोन पृष्ठभाग जितके जोराने एकमेकांवर दाबले जातील, तितकं त्यांच्यातलं घर्षण वाढतं. साडेचार टनांनी दाबलेल्या नटाच्या बैठकीत (तो चाकावर टेकतो तिथे) आणि आट्यांमध्ये किती घर्षण असेल ह्याची कल्पना करा. नट आवळायला शंभर रुपयांची मेहनत लागली असं धरलं, तर त्यातले पन्नासेक रुपये बैठकीच्या घर्षणात जातात, चाळीसेक आट्यांच्या घर्षणात, आणि स्टड ताणायच्या खऱ्या कामाला उरतात जेमतेम दहा. गंमत अशी की सोडवताना हेच दहा रुपये आपल्या बाजूने येतात. आटे म्हणजे दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण, आणि ताणलेला स्टड नटाला त्या उतरणीवरून खाली ढकलत असतो. नव्वद वजा दहा, ऐंशी. म्हणून गंज नसेल तर नट आवळण्यापेक्षा सोडवणं थोडं सोपं जातं. मग तो आपोआप का सुटत नाही? कारण ही उतरण जेमतेम अडीच अंशांची असते, आणि सुक्या पोलादावरून पोलाद घसरायला आठ-नऊ अंश तरी लागतात.

माझं गणित बिघडलं ते महिनाभर आधी. टायर बदलून घेतले तेव्हा दुकानातल्या पोऱ्याने हवेच्या गनने चारही चाकं टर्रर्र करून आवळली होती, लॉक नटांसकट, चावी मध्ये घालून. अशी गन पाचशे न्यूटन-मीटरच्या पुढे सहज जाते. लॉक नटाच्या चावीवर गन चालवू नये, असं बनवणारे सांगतात, ऐकतो कोण? नट किती आवळला गेला ते माहीत नाही, पण तीनशे धरू. सोडवायला मग अडीचशेच्या आसपास हवेत. माझं वजन ७० किलो, पाना ३० सेंटीमीटरचा, म्हणजे मी त्यावर उभा राहिलो तेव्हा सुमारे दोनशे मिळाले. नट हलला नाही ह्यात त्याची चूक नव्हती.

पण मग चावी का मोडली? साध्या षटकोनी नटावर पाना सहा कोपऱ्यांना धरतो, मध्यापासून जवळपास १० मिलिमीटर अंतरावर. नेहमीच्या ११० न्यूटन-मीटरला प्रत्येक कोपऱ्यावर दोन हजार न्यूटनपेक्षाही कमी जोर येतो. लॉक नटाची खाच मध्याच्या जवळ असते, सहा-साडेसहा मिलिमीटरवर. अंतर कमी म्हणजे तोच पीळ द्यायला जोर जास्त. माझ्या दोनशे न्यूटन-मीटरचे त्या खाचेत तीस हजार न्यूटन होतात, तीन टनांचा भार, आणि तो पेलायला चावीवर दोन-तीन मिलिमीटर उंचीची नागमोडी कड. त्यात चावी किंचित तिरकी बसलेली असली की भार सगळ्या कडेवर वाटला न जाता एका वळणावर येतो. नखाएवढा तुकडा निघाला तो तिथला.

आता सल्ल्यांकडे. रॉकेल किंवा गंज सोडवणारा स्प्रे आत शिरतो तो केशाकर्षणाने, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. पाण्याचा पृष्ठताण मोठा, रॉकेलचा त्याच्या निम्म्याहून कमी; त्यामुळे पाणी जिथे अडतं तिथे ते झिरपतं. (डब्ल्यूडी-४० हे मूळचं गंज सोडवायचं औषध नव्हेच. १९५३ साली अमेरिकेतल्या सॅन डिएगोत ते पाणी हटवून गंज टाळण्यासाठी बनवलं गेलं आणि चाळिसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात ४०.) पण झिरपायला वाट हवी. लॉक नट टोपीसारखा असतो, पुढून बंद. तेल आट्यांपर्यंत जाणार कुठून? फार तर बैठकीच्या कडेला ओलावा लागतो. माझ्या नटावर ते तासभर बसलं आणि ओघळून टायरवर आलं.

तापवण्याचं तत्त्व बरोबर आहे. नट २०० अंशांनी तापला की त्याचं भोक तीन शतांश मिलिमीटरने मोठं होतं, गंजाची पकड तुटते. पण माझी चाकं मॅग व्हील, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची. ह्या धातूला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया देऊनच ताकद आणलेली असते. फ्लेमने ती त्या जागी उतरते, आणि दिसत काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे हवा भरलेला टायर बसवलेलं चाक तापवलं तर आतलं रबर विघटित होऊन ज्वलनशील वायू तयार होतात आणि टायर बॉम्बसारखा फुटू शकतो. हा सल्ला देणाऱ्या काकांना मी जरा मोठ्याने नाही म्हणालो. पाइपने पीळ वाढतो, हे आर्किमिडीजपासून माहीत आहे. पण वाढलेला पीळ नटापर्यंत पोचवायचा त्याच अर्धवट तुटलेल्या चावीतून.

शेवटी तुर्भ्याच्या एमआयडीसीत गॅरेज असलेल्या एका मेकॅनिकना फोन केला. आमच्याकडे सगळे त्यांना भाऊ म्हणतात. ते स्कूटरवर आले, आणि पहिलं काम काय केलं, तर गाडी जॅकवरून खाली घेतली आणि सुटलेले तीन नट परत आवळायला घेतले.

"भाऊ, काढायचेत ना? आवळताय काय?"

"साहेब, तिघांनी चाक धरलं की चौथ्यावरचं ओझं जरा कमी होतं. मघाशी एकट्यानेच सगळं धरलं होतं."

बरोबर होतं. शेजारचे तीन आवळले की चाकाचा धातू आणखी थोडा दाबला जातो, आणि चौथ्या स्टडमधला केसभर ताण किंचित सैल पडतो. ताण कमी, म्हणून घर्षण कमी. एवढ्याने नट सुटत नाही, पण पुढच्या झटापटीत मदत होते.

मग पिशवीतून एक सॉकेट, म्हणजे नटावर टोपीसारखं बसणारं पान्याचं तोंड, निघालं. बाहेरून साधं, आत डोकावलं तर भिंतीवर फिरत गेलेल्या धारदार कडा, आणि तोंडाशी रुंद, आत निमुळतं. नटापेक्षा बारीक मापाचं त्यांनी निवडलं, नटावर टेकवलं आणि दोन किलोच्या हातोड्याने ठोकायला सुरुवात केली. पहिल्या घावांचा आवाज बसका होता, चौथ्या-पाचव्यानंतर खणखणीत झाला. "बसलं," भाऊ म्हणाले. त्यांना ते कानाने कळलं. आतल्या कडांनी नटाच्या अंगात चर पाडले होते. नंतर पाहिलं तर कडेला पोलादाची चकचकीत सालं निघाली होती.

त्या हत्याराची खुबी अशी: आतल्या कडांचा पीळ उलटा असतो. डावीकडे, म्हणजे सोडवायच्या दिशेने फिरवलं की सॉकेट स्वतःला नटावर आणखी ओढून घेतं. जितका जोर लावाल तितकी पकड पक्की. चावीचं नेमकं उलटं असतं. तिच्या कडा किंचित उतरत्या असल्या, की जोर लावताच ती खाचेबाहेर सरकू पाहते. माझी पकडच हरत होती, आणि पकड बदलायच्या ऐवजी मी जोर वाढवत होतो.

भाऊंनी दोन फुटी दांडा लावला आणि झटका न देता, अंगाचा भार टाकत ओढला. पुन्हा कट्ट. ह्या वेळी दांडा हलला, आणि मग किर्रर्र करत नट फिरू लागला. बाहेर आल्यावर हातात घेतला तर चांगलाच कोमट. दांड्यावर ओतलेली मेहनत उष्णता होऊन नटात जमली होती.

सगळेच लॉक नट असे ऐकत नाहीत. काहींच्या बाहेर मोकळी फिरणारी रिंग असते. सॉकेट ठोकलं तर रिंगच गरगर फिरते, आतला नट ढिम्म. आधी छिन्नीने ती रिंग फोडावी लागते. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या गाड्यांत नटाऐवजी बोल्टच असतो आणि त्याचं डोकं खोल बसलेलं असतं. तिथे कधी ड्रिल करायची पाळी येते, आणि वरचा थर कडक केलेला असल्याने साधं ड्रिल बिट त्यावर नुसतं घासून निळं पडतं. आणि हो, भाऊंचं हे सॉकेट कुणालाही विकत मिळतं, चोरालाही. लॉक नट चोराचे चार मिनिटं घेतो. माझा रविवार घेतला.

तीन नट पुन्हा काढले तरी चाक हबवरून निघेना. रबरी हातोड्याचे घाव घातल्यावर निघालं, आणि मागे पांढरी भुकटी दिसली. ॲल्युमिनियमचं चाक, पोलादी हब आणि मध्ये खारट ओलावा म्हणजे एक छोटी बॅटरीच. त्यात ॲल्युमिनियम झिजतं. आमची इमारत खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. वाऱ्याबरोबर येणारं मीठ धातूवर बसतं, आणि हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं. नवी मुंबईत पावसाळाभर आर्द्रता त्याच्या वरच असते. पाऊस पडो न पडो, गाडीखालचं लोखंड मिठाच्या पाण्यात भिजत राहतं. त्यातून होणारा गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा व्यापतो, म्हणून आट्यांच्या फटीत तो पाचर ठोकल्यासारखा बसतो.

भाऊंनी मोकळ्या झालेल्या स्टडवर नवा नट हाताने फिरवून पाहिला. चार फेरे सुरळीत गेला आणि अडला. "ताणलाय हा." गनने त्या स्प्रिंगला इतकं ओढलं होतं की ती परत मूळ लांबीवर आली नव्हती, आट्यांमधलं अंतरच वाढलं होतं. सोमवारी नवा स्टड बसला. ह्या वेळी टॉर्क पान्याने, समोरासमोरचे नट आळीपाळीने, ११० वर पाना कट्ट करेपर्यंत. आट्यांना ग्रीस लावू का म्हणून विचारलं तर भाऊंनी हात धरला. ग्रीसने घर्षणाचे नव्वद रुपये कमी होतात, वाचलेले सगळे स्टड ताणण्यात जातात, आणि पाना ११० दाखवत असतानाच स्टड पुन्हा तुटायच्या बेतात येतो.

उरलेल्या तीन चाकांवर तीन लॉक नट होतेच, आणि चावी मोडलेली. तेही त्याच सॉकेटने ठोकून काढले, चारही चाकांना साधे नट लावले. दिवाळीच्या साफसफाईत डॅशबोर्डच्या खणात जुन्या पीयूसीच्या कागदांखाली पत्त्याएवढं एक कार्ड सापडलं. त्यावर चावीचा नंबर छापला होता, आणि खाली एक ओळ: चावी हरवल्यास किंवा तुटल्यास हा नंबर कळवून दुसरी मागवावी.