‘ताजं’ तुटलेलं हाड म्हणजे नक्की कधी तुटलेलं?

कोकणात उत्खनन म्हटलं की लोकांना नाणी नाहीतर खापरं आठवतात, हाडं कुणाच्या डोक्यात येत नाहीत, आणि त्याला कारण आहे. जांभ्याची माती आम्लधर्मी, वर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, त्यात हाड विरघळूनच जातं. घाटावर इनामगावला १९६८ पासून जे खोदकाम झालं त्यात जनावरांची हाडं भरपूर मिळाली, आपल्याकडे उरतात ते तुकडे. शिंपल्यांच्या ढिगात मात्र जरा बरं टिकतं, तिसऱ्या-कालवांच्या शिंपांतला चुना मातीचं आम्ल मारतो.

पूर्वी अख्खी हाडं, दात तेवढे ठेवायचे आणि बाकीचा चुरा टाकून द्यायचे. बारीक चाळण लावलीच नाही तर माशाचे काटे मिळणार कुठून? मग बंदराच्या गावात लोक मासे खात नव्हते असं चित्र उभं राहतं, आणि हे फार वाईट आहे.

सगळ्यात मोठा घोळ ‘ताजं’ या शब्दाचा. खड्ड्यात बसलेला म्हणतो ‘हे ताजं तुटलंय’, म्हणजे आत्ता खुरपीने तुटलं. हाडं तपासणारा ताजं म्हणतो तेव्हा जनावर मेल्यावर हाडात ओल आणि चरबी असतानाच तुटलेलं, म्हणजे कदाचित हजार वर्षांपूर्वी. पिशवीवर नुसतं ‘ताजं’ लिहिलं तर पुढच्याने काय समजायचं? इंग्रजीत ‘ग्रीन’ म्हणतात, पण त्याचं ‘हिरवं’ करून चालणार नाही. माझ्या मते सरळ ‘ओलं’ म्हणावं, लाकडाला म्हणतो तसं. कच्ची नळी दगडाने फोडून बघा, कड तिरकी वळत जाते, गुळगुळीत आणि धारदार. वाळलेलं हाड आडवं मोडतं, कड खरबरीत. खुरपीने मोडलेलं तर रंगावरूनच कळतं, जुनी कड लाल मातीने तांबूस झालेली असते, नवी पांढुरकी.

पण ओलं तुटलं म्हणजे माणसानेच फोडलं असं नाही. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या एका गुहेतली मोडकी हाडं आदिमानवाची हत्यारं आहेत असं मांडलं गेलं. पुढच्या दशकात नामिब वाळवंटातल्या वस्त्यांवर लोकांनी खाऊन टाकलेली, कुत्र्यांनी चघळलेली बकऱ्यांची हाडं कुणीतरी चिकाटीने मोजली, तर कुठला भाग उरतो आणि कुठला नाहीसा होतो तो हिशोब गुहेतल्या हाडांशी बराच जुळला, म्हणजे हत्यारं म्हणून कुणी निवडली नसली तरी तसेच तुकडे उरतात. तेव्हापासून माणसाचं नाव घ्यायला दगडाच्या घावाची खाच नाहीतर सुरीचे चरे दाखवावे लागतात.

२००९ च्या सुमारास कोलाजेनवरून, म्हणजे हाडातल्या प्रथिनावरून, शेळी की मेंढी हे ओळखायची पद्धत आली, तुकड्यांसाठी फार मोठी गोष्ट, पण उष्ण दमट हवेत कोलाजेन लवकर जातं. त्यामुळे चौलसारख्या जुन्या बंदराच्या मातीत दोन बोटं लांबीचा तुकडा मिळाला तर आधी कडच बघायची, भिंगाखाली, आणि घासून धुवायच्या आधी, कारण कडक ब्रशचे ओरखडे सुरीच्या चऱ्यांत मिसळून जातात.