प्राचीन इतिहास व तत्त्वज्ञान (संयुक्त पदवी)

प्राचीन जगाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान हे दोन विषय साधारण सारख्या वजनाने घेऊन पुरी करावयाची विद्यापीठीय पदवी. हा प्रकार मुख्यतः ब्रिटिश विद्यापीठांतला. तिथे अशा पदवीला संयुक्त ऑनर्स म्हणतात. इंग्लंडमध्ये ती सहसा तीन वर्षांची, तर स्कॉटलंडमध्ये चार वर्षांची असते. प्राचीन इतिहास म्हणजे बहुतेक ठिकाणी ग्रीस आणि रोम. इजिप्त व पश्चिम आशिया यांना कुठे कुठे जागा मिळते, भारत व चीन यांना क्वचितच. नावातला ‘प्राचीन’ हा शब्द म्हणूनच जपून वाचावा.

ही जोडी नव्याने जुळवलेली नाही. ऑक्सफर्डच्या ‘लिटेरी ह्युमॅनिओरिस’ या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात विद्यार्थी आधी पाच सत्रे ग्रीक व लॅटिन भाषासाहित्यात मुरत आणि मग उरलेली सात सत्रे प्राचीन इतिहास व तत्त्वज्ञान शिकत. या उत्तरार्धाला ‘ग्रेट्स’ म्हणत. त्याचा दबदबा इतका होता की 1920 मध्ये तिथेच तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र यांची पदवी निघाली तेव्हा तिला ‘मॉडर्न ग्रेट्स’ हे टोपणनाव पडले. आजच्या संयुक्त पदव्यांत भाषेची अट बरीच सैल झाली आहे. ग्रंथ भाषांतरातून वाचता येतात. ज्यांना हवे त्यांना ग्रीक किंवा लॅटिन मुळाक्षरांपासून शिकता येते.

पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंची हत्यारे हाती दिली जातात. इतिहासाकडून साधनचिकित्सा येते: ग्रंथ, कोरीव लेख, नाणी, पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला प्राचीन कागद) व उत्खननातले अवशेष यांतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही. तत्त्वज्ञानाकडून तर्कशास्त्र, ज्ञानमीमांसा व नीतिमीमांसा येतात, आणि त्यांत प्लेटोइतकेच आधुनिक तत्त्वज्ञही असतात. पुढे निवडीचे विषय आणि शेवटी बहुधा एक लघुप्रबंध. अडचण अशी की दोन विभाग आपापला अर्धा भाग शिकवून मोकळे होतात आणि सांगड घालण्याचे काम बव्हंशी विद्यार्थ्यावर येऊन पडते.

ती सांगड कुठे लागते, हे ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’मधल्या गुलामगिरीच्या विवेचनात चांगले दिसते. काही माणसे निसर्गतःच गुलाम असतात, असा तिथला दावा आहे. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारतो, आधारविधानांवरून हा निष्कर्ष निघतो का? इतिहासाचा विद्यार्थी विचारतो, अथेन्समधले गुलाम कोण होते, आले कुठून? दोघांनाही चकवणारे एक सोपे उत्तर नेहमी तयार असते: त्या काळी तसेच समजत. पण ॲरिस्टॉटल स्वतःच नोंदवतो की गुलामगिरी निसर्गाविरुद्ध आहे, ती केवळ रूढीने व बळजोरीने टिकते, असे म्हणणारे लोक होते. त्याचा युक्तिवाद त्यांना दिलेले उत्तर आहे. म्हणजे ते सोपे उत्तर इतिहास म्हणूनही टिकत नाही. भर म्हणून त्याचे मृत्युपत्र आहे. तत्त्वज्ञांची चरित्रे लिहिणारा प्राचीन ग्रीक लेखक डायोजिनीस लेअर्शियस याने ते जतन केले आहे. आपल्या काही गुलामांना मुक्त करावे आणि सेवेतल्या मुलांपैकी कोणालाही विकू नये, अशी सोय त्यात केलेली आहे. ग्रंथातले मत आणि मृत्युपत्रातली तरतूद शेजारी ठेवून लिहिलेला निबंध एका विभागाच्या चौकटीत मावत नाही.

सॉक्रेटिसवरचा खटला (इ. स. पू. 399) हा या अभ्यासक्रमातला हुकमी विषय. आरोप नगराच्या देवतांना न मानण्याचा, नव्या देवता आणण्याचा व तरुणांना बिघडवण्याचा. सॉक्रेटिसचे बचावाचे भाषण त्याचा शिष्य प्लेटो यानेही लिहिले आहे आणि त्याच्याच वर्तुळातला लेखक झेनोफन यानेही. झेनोफन त्या वेळी अथेन्समध्ये नव्हता, त्याने ऐकीव माहितीवर लिहिले. दोन्ही भाषणांत राजकारण दबलेले आहे. पण पाचच वर्षांपूर्वी, इ. स. पू. 404 मध्ये, स्पार्टाच्या पाठिंब्याने तीस जणांची जुलमी राजवट आली होती, आणि तिचा म्होरक्या क्रिटियस सॉक्रेटिसच्या वर्तुळातला होता. लोकशाही परतल्यावर माफीचा करार झाला, त्यामुळे जुन्या राजकीय गुन्ह्यांवर उघड बोट ठेवणे अवघड होते. सुमारे अर्ध्या शतकाने इस्किनीस हा वक्ता भर न्यायालयात अथेन्सवासीयांना बजावतो की क्रिटियसला शिकवले म्हणून तुम्ही सॉक्रेटिसला मारलेत. हे एक वाक्य मनात ठेवून प्लेटोचा ‘क्रिटो’ हा संवाद (त्यात तुरुंगातून पळून जायला सॉक्रेटिस नकार देतो आणि अथेन्सचे कायदे जणू माणसासारखे बोलतात) वाचला की कायदा पाळण्याबद्दलचा तिथला युक्तिवाद वेगळा भासतो. जे कायदे संवादात बोलतात, ते नुकतेच एकदा उलथवले गेलेले असतात.

साधनांच्या बाबतीत तर दोन विषयांची सरमिसळच आहे. ॲरिस्टॉटलच्या संप्रदायाने 158 राज्यघटनांची माहिती जमवली होती असे परंपरा सांगते. त्यांपैकी अथेन्सच्या घटनेवरचा ग्रंथ इजिप्तमधून आलेल्या पपायरसावर मिळाला आणि 1891 मध्ये छापला गेला. तो एका शेतमळ्याच्या हिशेबांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेला होता. इतिहासकार आज त्याच्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. आणि आजच्या तुर्कस्तानातल्या ईनोआंदा येथे डायोजिनीस नावाच्याच दुसऱ्या एका नागरिकाने एपिक्यूरस या ग्रीक तत्त्वज्ञाचे विचार सार्वजनिक भिंतीवर कोरून घेतले. तिचे तुकडे 1884 पासून सापडत आहेत. त्या तुकड्यांचा क्रम लावणे हे काम कोरीव लेखांच्या अभ्यासकाचे की तत्त्वज्ञाचे, हा वाद निष्फळ आहे.

दोन्ही क्षेत्रांत खरोखर राबलेला माणूस म्हणून आर. जी. कॉलिंगवुड (1889–1943) याचे नाव घ्यावे लागते. ‘ग्रेट्स’चाच विद्यार्थी, रोमन ब्रिटनचा इतिहासकार आणि 1935 पासून ऑक्सफर्डमध्ये तत्त्वमीमांसेचा प्राध्यापक. उत्खननात आधी प्रश्न ठरवावा आणि मगच कुदळ चालवावी, असा त्याचा आग्रह होता. कोणतेही विधान समजण्यासाठी ते कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे हे कळले पाहिजे, हा त्याचा तत्त्वज्ञानातला सिद्धांत याच कामात घडला.

परीक्षकांना वारंवार दिसणारा दोष म्हणजे निबंधाच्या माथ्यावर ‘ऐतिहासिक पार्श्वभूमी’चा एक परिच्छेद चिकटवून पुढे तिला हातही न लावणे. याच्या उलट, युक्तिवाद तपासण्याऐवजी त्याची कारणे सांगून तो निकालात काढणे हाही तितकाच सार्वत्रिक दोष आहे. पदवीनंतर याच क्षेत्रात संशोधन करायचे असेल तर भाषांतरांवर भागत नाही. ग्रीक तरी यावीच लागते आणि रोमन काळासाठी लॅटिन. ज्यांनी पदवीच्या काळात ती टाळली, त्यांना पदव्युत्तर अभ्यासाआधी बहुधा वर्षभर भाषेलाच द्यावे लागते.