पुतळे हलले, चौक राहिले : मुंबईतील पुतळ्यांच्या वादाची पार्श्वभूमी

चौकातला वादग्रस्त पुतळा उतरवून तेथे समाजाला आपली वाटणारी व्यक्ती उभी करावी, ही मागणी २०२० मध्ये ब्रिस्टलच्या आंदोलकांनी गुलामांचा व्यापार करणाऱ्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा बंदरात लोटून दिल्यानंतर जगभर नव्याने होऊ लागली. मुंबईत या प्रश्नाचा निकाल बऱ्याच अंशी १९६० च्या दशकातच लागला होता.

मुंबईतले ब्रिटिश राजवटीतले सगळे पुतळे इंग्रजांनी आपल्यावर लादले, असे मानणे सोयीचे असले तरी ते पूर्ण खरे नाही. फोर्टातल्या तारघराजवळचा राणी व्हिक्टोरियाचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव महाराज गायकवाडांच्या देणगीतून आला आणि १८७२ मध्ये त्याचे अनावरण झाले. पुढे सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसलेल्या युवराजाच्या १८७५-७६ च्या दौऱ्याची आठवण म्हणून त्याचा अश्वारूढ पुतळा अल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला. मुंबईकरांनी मात्र स्वाराला बाजूला सारून त्या भागाला काळा घोडा म्हणायला सुरुवात केली. अर्थात देणगीदार एतद्देशीय असले म्हणून पुतळा लोकांना मान्य होता, असे नव्हे. १८९६ मध्ये चापेकर बंधूंनी राणीच्या पुतळ्याला डांबर फासून खेटरांची माळ घातली. संगमरवरावरचे ते डाग घालवण्यासाठी अखेर रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जर यांची मदत घ्यावी लागली.

स्वातंत्र्यानंतरही दीड तप यातले बहुतेक पुतळे जागच्या जागी होते. बदलाला जोर आला तो संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानंतर. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाले आणि लगेच पुढच्या प्रजासत्ताक दिनी, २६ जानेवारी १९६१ रोजी, गेटवे ऑफ इंडियासमोर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण झाले. सम्राटाच्या भेटीची आठवण म्हणून बांधलेल्या कमानीसमोर, जिथे पूर्वी पंचम जॉर्जचा पुतळा होता तिथे, महाराज आले. पुतळ्याच्या जागी पुतळा, असा हा मुंबईतला सर्वांत ठळक बदल होय. फ्लोरा फाउंटनला मात्र वेगळा मार्ग निवडला गेला: १८६४ चे कारंजे न हलवता त्याच्याजवळ शेतकरी आणि कामगार यांच्या जोडपुतळ्याचे हुतात्मा स्मारक उभे राहिले व चौकाचे नाव बदलले. प्रस्तुत लेखकाच्या मते दोहोंपैकी हाच निर्णय अधिक शहाणपणाचा होता, कारण तिथे राजाच्या जागी दुसरा राजा न येता ज्यांनी गोळ्या झेलल्या ती सामान्य माणसे आली.

१९६५ मध्ये पुतळ्यांवर हल्ले झाले, कॉर्नवॉलिस आणि वेलस्ली या ब्रिटिश गव्हर्नर जनरलांच्या पुतळ्यांची शिरे गेली आणि सरकारने उरलेसुरले पुतळे भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवले. ज्या बागेला आता वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे, तिथेच व्हिक्टोरिया राणीचा पुतळा वस्तुसंग्रहालयामागे उभा आहे.

रिकाम्या झालेल्या प्रत्येक जागी नवी व्यक्ती आली, असे मात्र झाले नाही. काळा घोडा येथे तर नाव तेवढे उरले आणि जागेवर गाड्या उभ्या राहू लागल्या. तिथे २०१७ मध्ये घोडा परत आला, पण पाठीवर स्वार नसलेला. ही तोड चतुर खरी. समाजाचे प्रतिनिधित्व कोणी करायचे, हा प्रश्न मात्र तिने शिताफीने टाळला. दिल्लीत इंडिया गेटमागची छत्री १९६८ मध्ये पंचम जॉर्जचा पुतळा हलवल्यावर अशीच अनेक दशके रिकामी राहिली आणि २०२२ मध्ये तिथे नेताजींचा पुतळा बसला.

आता असा बदल पूर्वीइतका सोपा राहिलेला नाही. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि वाहतुकीच्या जागांवर नवे पुतळे उभारण्यास राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये दिला. त्यानंतर मुंबईतल्या ज्या दोन मोठ्या स्मारकांची चर्चा झाली, ती दोन्ही चौकाबाहेरची आहेत: बाबासाहेबांचे दादरच्या इंदू मिलच्या जमिनीवर आणि शिवाजी महाराजांचे थेट अरबी समुद्रात.