पिल्लांची ऊब आणि नागपूरचं निरभ्र आकाश

डिसेंबरात एका सकाळी सहा वाजता काटोलजवळच्या माझ्या मावसभावाचा फोन आला. "दादा, रात्रीतून अकरा पिल्लं गेली." चार दिवसांपूर्वीच त्यानं साठ पिल्लं आणली होती. मी दुपारी पोहोचलो तोवर शेडच्या दाराला लिंबू-मिरची लागली होती आणि मेडिकलमधून 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' एक बाटलीही आली होती. शेजारच्या काकूंचं मत ठरलेलं होतं: "गावठी कोंबडीचे पिल्लं दुसऱ्या दिवशी अंगणात फिरतात जी. हे विकतचे कमजोरच राहतात."

हे मत मी गावोगाव ऐकतो आणि ते चुकीचं आहे. गावठी पिल्लू अंगणात फिरतं, पण आईला सोडून नाही. थोडं चरलं, अंग गार पडलं, की ते तिच्या पोटाखाली शिरतं. खुडूक बसलेल्या कोंबडीच्या पोटावरची पिसं झडलेली असतात आणि तिथल्या उघड्या त्वचेला भरपूर रक्तपुरवठा असतो. तिच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास. म्हणजे ही पिल्लं शेगडी सोबत घेऊनच हिंडतात. विकत आणलेल्या पिल्लांची शेगडी आपण काढून घेतलेली असते, आणि तिच्या जागी मावसभावानं नऊ वॅटचा एलईडी टांगला होता.

गेल्या काही वर्षांत पिवळे बल्ब गेले, ही विजेच्या दृष्टीनं चांगली गोष्ट झाली. पण साठ वॅटचा जुना बल्ब नव्वद टक्क्यांहून जास्त वीज उष्णतेत घालवायचा, आणि कोंबडीपालनात ती 'वाया जाणारी' उष्णताच कामाची होती. एलईडी तितकाच उजेड देतो, पण मुळात वीजच नऊ वॅट घेतो. पिल्लामागे दोन वॅट हा आपल्याकडचा साधा हिशेब, म्हणजे साठ पिल्लांना १२० वॅट हवेत.

पण मला जास्त अस्वस्थ केलं ते त्याच्या पुढच्या वाक्यानं. "दादा, थर्मामीटर तर बारा दाखवत होता. गेल्या आठवड्यात ढग होते तेव्हाही बाराच होता. तेव्हाच्या, आधीच्या खेपेतलं एकही मेलं नाही."

ही तक्रार खरी असू शकते, आणि तिचं उत्तर शेडच्या पत्र्यात आहे.

थर्मामीटर हवेचं तापमान सांगतो. पिल्लू मात्र हवेशिवाय आणखी एका वाटेनं उष्णता गमावत असतं. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे, किरण सोडत असते, पिल्लूही आणि पत्राही. ढगाळ रात्री ढग खाली बऱ्यापैकी किरण परत पाठवतात. नागपूरची हिवाळी रात्र मात्र निरभ्र आणि कोरडी. पाण्याची वाफ कमी, त्यामुळे पत्र्यानं सोडलेले किरण थेट वर निसटतात आणि पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो. उघड्यावर लावलेल्या स्कूटरची सीट पहाटे दवानं ओली असते आणि कडुनिंबाखालची कोरडी, ती याच कारणानं. अठराव्या शतकात अलाहाबादेकडे मातीच्या उथळ ताटल्यांत पाणी ठेवून बर्फ करत, हवा शून्याच्या वर असतानाही.

आता थोडं गणित. किरणांची ऊर्जा केल्विन तापमानाच्या (सेल्सिअस अधिक २७३) चौथ्या घातानं वाढते. पिल्लाच्या लवीचा बाहेरचा थर २५ अंशांवर धरू, म्हणजे २९८ केल्विन. तो दर चौरस मीटरला सुमारे ४४७ वॅट सोडतो. पत्रा ८ अंशांवर, २८१ केल्विन. त्याच्याकडून परत येतात सुमारे ३५३. फरक ९४. चाळीस ग्रॅमच्या पिल्लाची त्वचा अंदाजे १२० चौरस सेंटिमीटर, त्यातली निम्मी पत्र्याकडे तोंड करून. गुणाकार केला की साधारण अर्धा वॅट निघतो. आणि उबेत स्वस्थ बसलेलं पिल्लू स्वतः तयार करतं सुमारे पाव वॅट! गार जमीन आणि फटीतून येणारा वारा यांचं नुकसान तर अजून धरलंच नाही.

मोठ्या कोंबडीचं असं का होत नाही? दोन किलोची कोंबडी पिल्लाच्या पन्नासपट वजनाची, पण तिची त्वचा पन्नासपट नसते. हिशेब केला तर दर ग्रॅममागे पिल्लाला जवळपास पावणेचारपट त्वचा असते, म्हणजे उष्णता निसटायला तेवढी जास्त जागा. माणसाच्या तान्ह्या बाळाकडे उष्णता निर्माण करणारी तपकिरी चरबी असते, पक्ष्यांकडे ती नाही. पिल्लू फक्त कुडकुडू शकतं, आणि पहिल्या दिवसांत तेही धड नाही.

म्हणून उपाय पत्र्यापासून सुरू करा. पिल्लांच्या वर हातभर उंचीवर गोणपाट ताणलं की पिल्लाला पत्रा दिसेनासा होतो, गोणपाट दिसतं, आणि ते बरंच कमी गार असतं. खाली दोन-तीन इंच धानाचं तूस, बाजूला पुठ्ठ्याचा गोल चिक गार्ड, म्हणजे पिल्लांभोवतीचं कुंपण. दिवा उष्णता देणारा. बंद शेडमध्ये कोळशाची शेगडी नको, कार्बन मोनॉक्साइड पिल्लांना आणि राखणाऱ्यालाही मारतो. पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा: दिव्याखाली ढीग करून चिवचिवाट म्हणजे थंडी, कडेला जाऊन चोच उघडी म्हणजे उकाडा, एकाच बाजूला गर्दी म्हणजे वारा, सगळीकडे विखुरलेली म्हणजे ठीक.

कायमचं बाहेर काढायचं ते वय मोजून नव्हे, पिसं पाहून. पिल्लू हातात घ्या, पाठ आणि पोट चाचपा. लव जाऊन खरी पिसं आलेली हवीत, आणि त्याला पाच-सहा आठवडे लागतात. पिसांमध्ये अडकलेली स्थिर हवा हीच त्याची रजई. पिसं भिजली की ती गेली. आपल्याकडे जानेवारीतही दुपारी २८ अंश असतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून सकाळी अकरा ते दुपारी चार या वेळात कोवळ्या पिल्लांना उन्हात सोडायला हरकत नाही. रात्रीची गोष्ट वेगळी. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती.

मावसभावानं त्याच संध्याकाळी गोणपाट ताणलं आणि साठ-साठ वॅटचे दोन बल्ब शोधून आणले. रात्री अकराला आम्ही टॉर्च घेऊन गेलो. आधी मी पत्र्याला हात लावला, मग गोणपाटाला, मग त्याला लावायला सांगितलं. खाली एकोणपन्नास पिल्लं तुसावर पसरून झोपली होती.