मेलिंग लिस्टवरची जड अटॅचमेंट : ५० केबीच्या मर्यादेची पार्श्वभूमी

मेलिंग लिस्ट म्हणजे एका पत्त्यावर पाठवलेले पत्र सगळ्या सभासदांना मेलने पोचवणारी यादी. यादीवर मोठी फाइल टाकू नये, लिंक द्यावी, हा संकेत लेखी स्वरूपात ठळकपणे दिसतो तो ऑक्टोबर १९९५ मधल्या आरएफसी १८५५ या इंटरनेटवरच्या शिष्टाचाराच्या टिपणात. ५० किलोबाइटपेक्षा मोठी फाइल मेलने न पाठवणे बरे, आणि यादीवर तर फाइल दुसरीकडे ठेवून पत्ता कळवता येत असेल तर फाइल धाडूच नये, असा त्यातला सल्ला आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

५० हा आकडा आज क्षुल्लक वाटतो, पण तो हिशोबाला धरूनच होता. फोनच्या लाइनवर चालणाऱ्या २८.८ केबीपीएसच्या (सेकंदाला २८.८ किलोबिट) मोडेमवर एक एमबीची अटॅचमेंट उतरायला सहा-सात मिनिटे जात, तीही लाइन मध्येच तुटली नाही तर. बहुतेक मेल प्रोग्राम पत्रे एकामागून एक उतरवत, त्यामुळे ती फाइल येईपर्यंत मागची सगळी पत्रे अडकून पडत आणि फोनचे बिल चढत राही. यादीवर पाचशे सभासद असतील तर पाठवणारा एकजण, भुर्दंड पाचशे जणांना. नियमामागचे खरे कारण हेच, आणि ते रास्त होते.

वाद झाले ते मर्यादा मोजायची कशी यावरून. मेलची यंत्रणा मुळात साध्या मजकुरासाठी होती. अटॅचमेंट तिच्यातून न्यायची तर फाइलच्या दर तीन बाइटची चार अक्षरे करावी लागतात, त्यात ओळी तोडण्याची भर पडते आणि आकार सुमारे ३७ टक्क्यांनी फुगतो. यादी चालवणाऱ्या मेलमन या सॉफ्टवेअरची मूळ मर्यादा (चालकाने बदलली नाही तर) ४० केबी, आणि ती मोजली जाते या फुगलेल्या पत्रावर. सभासद आपल्या संगणकावर फाइल ३५ केबीची पाहतो, पाठवतो, आणि पत्र मॉडरेटरच्या (यादीवरची पत्रे तपासणाऱ्याच्या) मंजुरीसाठी अडकते. मर्यादा पाळूनही पत्र का अडवले, हा त्याचा सवाल चुकीचा नव्हता. मोजणी फाइलची नाही, पत्राची होते, एवढे एक वाक्य यादीच्या नियमांत असते तर कितीतरी कटुता टळली असती.

मराठीत लिहिणाऱ्यांना हा नियम जास्त जाचला. युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची सामाईक अक्षर-संकेतप्रणाली) रुळण्यापूर्वी देवनागरी मजकूर समोरच्याला दिसायचा तर त्याच्याकडे तोच फॉन्ट हवा. नसेल तर पानाचे चित्र करून पाठवणे हाच खात्रीचा मार्ग. आज दोन हजार अक्षरांचा देवनागरी मजकूर सहा केबीच्या आसपास बसतो. त्याच पानाचे स्कॅन सहज शंभर केबीच्या पुढे जाई. ‘साधा मजकूर पाठवा’ हे सांगणे रोमन लिपीवाल्यांना सोपे होते.

मार्च १९९९ मध्ये मेलिसा आणि मे २००० मध्ये आयलव्हयू हे व्हायरस अटॅचमेंटमधूनच पसरले. तेव्हापासून आकाराच्या जोडीला भीतीही आली आणि अनेक याद्यांनी अटॅचमेंट सरसकट कापायला सुरुवात केली. २००४ मध्ये मोफत मेलबॉक्स एक जीबीचा झाला, पुढे २५ एमबीची अटॅचमेंट नेहमीची झाली. जागेची अडचण बरीचशी सरली, नियम मात्र राहिला.

लिंक देण्याच्या सल्ल्याची दुसरी बाजू उशिरा कळली. फुकट जागा देणारी एक मोठी सेवा २००९ मध्ये बंद पडली. एका मोठ्या गट-सेवेने २०१९ च्या अखेरीस गटांच्या फाइली आणि फोटो संकेतस्थळावरून हटवले आणि पुढच्या वर्षी सेवाच गुंडाळली. जिथे पत्रे कुणी जपून ठेवली होती, तिथेही लिंकपलीकडचा ऐवज गेला. मधला मार्ग मेलमनमध्येच होता : अटॅचमेंट पत्रातून काढून यादीच्या स्वतःच्या सर्व्हरवर, जुन्या पत्रांच्या संग्रहाशेजारी ठेवायची आणि सभासदांना तिची लिंक पाठवायची. त्यात कुणाची लाइन अडत नाही आणि पत्रे जितकी वर्षे टिकतील तितकी फाइलही टिकते. पण ती सोय चालकाने मुद्दाम सुरू करावी लागे.